मासोऱ्यांचा रविवार

भंडारा जिल्ह्यात पाणी बदलायचं काम पाऊस करतो. मृग लागला की तलावात पाणी यायला लागतं, श्रावणापर्यंत तलाव भरतो, जास्तीचं पाणी सलंगावरून आपलं आपण उतरून जातं, धानाला लागेल तेवढं तुडुमातून सोडलं जातं, उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, आणि पुन्हा मृग येतो. कित्येक पिढ्या हे असंच चाललंय. त्यासाठी कोण्या माणसाने रविवारी सकाळी बनियनवर उभं राहून हातात मग्गा धरल्याचं ऐकिवात नाही. तो प्रकार गावात काचेची पेटी आली तेव्हापासूनचा.

आमचं सानगडी साकोली तालुक्यात. गावाला भोसल्यांच्या अमलातला किल्ला आहे. नागपूरहून येणारा पाहुणा किल्ल्याबद्दल विचारतो, आम्ही तो खालूनच दाखवतो. 'वर काय आहे?' असं विचारलं तर 'वारा आहे जी' असं सांगतो, आणि पाहुणा चहाला बसतो. बाकी गावाच्या चारी बाजूंनी धान, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि तलाव. मासोरी आमच्याकडे आठवडी बाजारात मिळते, रश्श्यात दिसते आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यात बांधावरही सापडते. अशा गावात मासोरी विकत आणून तिला दिवाणखान्यात ठेवायची, तिला रोज खायला घालायचं आणि आपण मात्र तिला खायचं नाही, ही कल्पना पचायला जरा वेळ लागला. मास्तरांनी पहिली फिश टँक आणली तेव्हा मास्तरीणबाई एवढंच म्हणाल्या, "तलावात का कमी मासोऱ्या होत्या? अन् ह्या आनल्या त्या न खायच्या!"

बाजारात मासोरी विकणारी ढिवरांची म्हातारी एकदा मास्तरांकडे ताक मागायला आली होती. तिने काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. सोनेरी शेपट्या, फुगीर डोळे, आतला प्लास्टिकचा किल्ला, तोंडातून बुडबुडे काढणारा पाणबुड्या. मग तिने धंद्याचा प्रश्न विचारला, "येवढ्याशा मासोरीचा का रस्सा होते जी?"

मास्तर विज्ञान शिकवतात. टँक आणण्याचं कारण मात्र वास्तू. घरात नऊ मासे असावेत, आठ सोनेरी आणि एक काळा, म्हणजे लक्ष्मी टिकते आणि संकट आलं तर काळा मासा ते अंगावर घेतो, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. फेंगशुई नावाने चीनमधून निघालेला हा हिशेब आपल्याकडे वास्तुशास्त्र होऊन बसला आणि कोणालाच त्यात खटकलं नाही. नऊ मासे पाण्याने फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन, मास्तर एसटीने गावात आले. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही, पण साकोली येईपर्यंत दर पाच मिनिटांनी मागे येऊन 'जिवंत हायेत ना?' अशी चौकशी केली.

खरी गोष्ट सुरू होते ती पुढच्या रविवारी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर 56 लिटर पाणी बसतं. म्हणजे 56 किलो. वर काचेचं, गोट्यांचं आणि किल्ल्याचं वजन वेगळं. हाताने उचलायचं म्हटलं तर धानाचा दीड कट्टा झाला, आणि धान निदान हिंदकळत तरी नाही. तरीही गावातली पहिली पद्धत उचलण्याचीच होती. चार माणसं चार कोपऱ्यांना, पाचवा दार धरून, सहावा 'हळू बे, हळू' म्हणायला. टाकी आंगणात न्यायची, नळाखाली ठेवायची आणि घासायची. काचा एकमेकींना धरून असतात त्या फक्त सिलिकॉनच्या चिकटलेल्या रेघेवर. भरलेली टाकी हलवली की ती रेघ तिरकी ताणली जाते, आणि मग आज नाही तर महिनाभराने रात्री दोन वाजता सोफ्याखालून ओहोळ निघतो. ही पद्धत गावातून दोनच टाक्यांत बंद पडली.

दुसरी पद्धत मग्ग्याची. ती आजही चालू आहे. सकाळी आठला मास्तर लुंगी वर खोचतात. मासोऱ्या जाळीने पकडून बादलीत टाकायच्या, हा पहिला अंक. नऊपैकी सात लगेच सापडतात. आठवी किल्ल्यात शिरते. किल्ला उचलावा तर नववी त्यात असते आणि आठवी पाणबुड्यामागे. ह्या अंकाला अर्धा तास. मग मग्ग्याने पाणी काढणं, बादली भरणं, बादली मोरीत ओतणं, जाताना निम्मी वाटेत सांडणं. मग गोटे काढून तारेच्या घासणीने आणि कपड्याच्या साबणाने धुणं. मग काचा. मग किल्ला. मग नळ सोडून टाकी भरणं. शेवटी मासोऱ्या पुन्हा आत. बारा वाजतात. फरशीवर पाणी, पाण्यात पाय, पायाखाली गोटा.

आणि आत्तापर्यंत मी 'मास्तर' म्हणालो ते सौजन्याने. मासोऱ्या पकडण्याच्या पहिल्या अंकानंतर मास्तरांना कोणाचा तरी फोन येतो. पुढचे सगळे अंक मास्तरीणबाई करतात. रस्त्याने जाणारा माणूस खिडकीतून विचारतो, "का जी, मासोऱ्या धुवून रायले का?" आणि फोनवरचे मास्तर हात वर करून सांगतात, "धुवून नाई बापा, पानी बदलवून रायलो!"

ही वाटणी सानगडीतच आहे असं समजू नका. 1846 च्या सुमाराला लंडनमध्ये अॅना थिन नावाच्या बाईंनी समुद्रातले प्रवाळ घरात जगवून दाखवले. घरातलं मत्स्यालय ही गोष्ट जगात ज्या मोजक्या लोकांमुळे रुजली त्यांत त्यांचं नाव घेतात. समुद्राचं पाणी रोज कुठून आणायचं? तर तेच पाणी उघड्या खिडकीपाशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे रोज अर्धा-पाऊण तास चाले. नाव थिनबाईंचं झालं. ओतायचं काम घरातल्या मोलकरणीकडे होतं. तिचं नाव कुठे आलेलं नाही. मास्तरीणबाईंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी गोट्यांचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तिले पगार तं होता."

रविवारी टाकी चकाचक होते. मंगळवारी दोन मासोऱ्या उलट्या तरंगतात. मास्तर दुकानदाराला दोष देतात, शेजारचे नजरेला देतात, वास्तूवाले म्हणतात की घरावरचं संकट गेलं. मास्तरीणबाई काही म्हणत नाहीत, कारण बुधवारी तुळशीच्या मुळाशी खड्डा त्यांनाच करायचा असतो.

मासोरी मरते ती धुण्याने. हे ऐकून मास्तर माझ्याकडे असे पाहतात, जणू मी स्वच्छता अभियानाच्या विरोधात बोललो आहे. पण प्रकार साधा आहे. मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. अमोनिया माशाला विष. टाकीतल्या गोट्यांवर, फिल्टरच्या स्पंजावर, काचेवर काही जिवाणू वस्ती करून असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही वसाहत बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. मास्तर ती दर रविवारी साबणाने खरवडून काढतात. म्हणजे मासोऱ्यांच्या मागे आठवडाभर झाडलोट करणारे जे कोट्यवधी बिनपगारी मजूर, त्यांना नेमकं साफसफाईच्या दिवशीच ठार करायचं. मग सोमवारपासून टाकीत अमोनिया साठतो, पाणी मात्र काचेसारखं नितळ दिसतं. विषाला रंग नसतो, हे मास्तर वर्गात शिकवतात.

त्यात नळाचं पाणी. गावाची नळयोजना असली की पाण्यात टीसीएल पावडर पडतेच, पावसाळ्यात हात जरा सैल असतो, आणि पडायलाच पाहिजे, नाही तर अख्खं गाव हगवणीने आडवं होईल. पण जो क्लोरीन आपल्या पोटात जाणारे जंतू वाचू देत नाही, तो टाकीतले कामाचे जिवाणूही वाचू देत नाही, आणि माशांचे कल्ले जाळतो ते वेगळंच. उपाय फुकट आहे. पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवायचं, रात्रभर नाही तर चोवीस तास. क्लोरीन उडून जातो. ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी दुकानात थेंबांची बाटली मिळते. त्या बाटलीत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे आपल्या जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो. ज्या काळोख्या खोलीत आमच्या गावातल्या लोकांचे लग्नाचे फोटो धुतले गेले, तिथलं रसायन आता मासोऱ्या वाचवायला आलं. फोटो स्टुडिओवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मले आधी सांगतले असते तं पिपा फेकला नसता."

पाणी शिळं करून ठेवण्याचा आणखी एक फायदा विदर्भात फार मोठा आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी नळातून येतं तेव्हा त्यात चहापत्ती टाकली तरी चालेल असं असतं. ते सरळ मासोरीवर ओतायचं म्हणजे तिचं तिथेच कालवण. बादलीत सावलीला ठेवलेलं पाणी टाकीच्या पाण्याइतकं निवतं. हात घालून पाहावं, दोन्हीकडे सारखं लागलं पाहिजे.

आता सोपी पद्धत. सगळं पाणी बदलायचंच नाही. आठवड्याला पाव टाकी बदलायची, तीही मासोऱ्या आत असताना. जाळी नको, बादलीतली धरपकड नको, किल्ला उचलायला नको. गोटे धुवायचे नाहीत. स्पंज फारच मळला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, साबणाचं नाव काढायचं नाही. पाव टाकी म्हणजे 56 लिटरपैकी 14 लिटर. एक बादली. एक बादली बाहेर, एक बादली आत. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. एवढंसं काम रविवारभर कसं पुरवायचं, असा त्यांच्यापुढे प्रश्न पडला.

ती एक बादली काढायलाही मग्गा लागत नाही. गवंड्याकडे एक पारदर्शक नळी असते, भिंतीची लेव्हल बघायची. लेव्हल पाईप. तीच घ्यावी, नवी घ्यावी, पंधरा रुपये मीटर मिळो नाही तर वीस, दोन मीटर पुरते. टाकी टेबलावर, बादली जमिनीवर. नळी पूर्ण टाकीत बुडवायची, आतली हवा बुडबुड्यांनी निघून गेली की एका टोकावर अंगठा दाबायचा, ते टोक बादलीत खाली आणायचं, दुसरं टोक टाकीतच राहू द्यायचं, अंगठा काढायचा. पाणी वाहायला लागतं आणि वाहतच राहतं. बाहेरचं टोक टाकीतल्या पाण्यापेक्षा खाली असेपर्यंत ते थांबत नाही. जितकं खाली तितका वेग जास्त. थांबवायचं झालं तर बाहेरचं टोक वर उचलायचं. ह्याला सायफन म्हणतात. मास्तर तो दर वर्षी फळ्यावर काढतात, दोन चंचुपात्रं, मधे वाकडी नळी, बाजूला बाण. त्या आकृतीला त्यांनी आजवर किती मुलांना गुण दिले असतील. घरी मग्गा. पुस्तकातलं विज्ञान उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायचं, असा आपल्याकडे अलिखित नियमच आहे.

गावात नळीने पाणी ओढायची विद्या तशी सगळ्यांना येते, पण ती मोटरसायकलीच्या टाकीवर शिकलेली. त्यामुळे पहिली प्रवृत्ती तोंडाने ओढण्याची. पेट्रोलची चव ज्याने घेतली आहे त्याला मासोरीच्या पाण्याची भीती वाटत नाही. पण घेऊ नये. त्या पाण्यात माशांचं सगळं काही असतं, वर मी अमोनिया म्हणालो ते आठवावं. शिवाय ऐन ओढण्याच्या क्षणी खिडकीतून कोणी तरी 'का जी' म्हणतंच, आणि 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागतं.

नळीच्या आतल्या टोकाला मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधावा. हिवतापवाल्यांनी डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे वाटले, ते विहिरीत सोडायचे होते, पण निम्म्या गावाने ते बरणीत पाळले. गप्पीची पिल्लं नखाएवढी. उघड्या नळीतून ती बादलीत, बादलीतून मोरीत आणि मोरीतून नालीत जातात. अळ्या खायच्या म्हटलं तर खरी त्यांची नेमणूक तिथेच होती, हा भाग वेगळा.

गोट्यांतला गाळ काढायचा असेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली मधून कापावी, वरचा अर्धा भाग घ्यावा, तोंडात नळी घट्ट बसवावी, आणि रुंद बाजू गोट्यांत रोवून सायफन सुरू करावा. गोटे बाटलीत गरगर फिरतात, जड म्हणून खाली पडतात, गाळ हलका म्हणून नळीने वर जातो. पाहत बसावं असं दृश्य असतं. एका वेळी सगळा तळ नाही, एक कोपरा. पुढच्या वेळी दुसरा. मास्तरांच्या धाकट्या मुलीला ही बाटली दिली त्या दिवशी ती उठायलाच तयार नव्हती. शेवटी टाकीत चार बोटं पाणी राहिलं तेव्हा मास्तरीणबाईंनी नळी उचलली.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नये. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडाचं खत. नळी लांब घेतली तर बादलीही लागत नाही. टाकी टेबलावर, घर जोत्यावर, परसबाग खाली, सगळा उतार आपल्याच बाजूचा. खिडकीतून नळी सोडली की पाणी सरळ कढीपत्त्याच्या आळ्यात. मास्तरांकडचा कढीपत्ता आता खिडकीतून आत येऊ पाहतो.

उतारावर काम झालं. चढावर काय? बादली टेबलाएवढी उचलून टाकीत ओतणं, ह्यात कंबर जाते आणि वरून पडणाऱ्या पाण्याने गोटे उधळतात, मासोऱ्या भेदरतात. इथे विदर्भाची स्वतःची देणगी उपयोगी पडते. कूलरचा पंप. आमच्याकडे ज्या घरात माणूस आहे त्या घरात कूलर आहे, आणि ज्या घरात कूलर आहे त्या घरात एक चालणारा आणि एक बंद पडलेला पंप आहे. चालणारा, चांगला धुतलेला पंप शिळ्या पाण्याच्या बादलीत ठेवायचा. टाकीत नाही, बादलीत. नळी वर टाकीच्या काठावर बांधायची आणि पाणी बशीवर पडेल असं करायचं. बटण दाबलं की दोन मिनिटांत बादली वर. बादलीच्या पाण्यात हात घालायच्या आधी पिन काढायची, हे मुद्दाम सांगतो, कारण कूलरच्या पाण्यात हात घालून 'करंट येते का बे?' असं पाहणारी माणसं आमच्याकडे दर उन्हाळ्यात भेटतात. आणि मासोऱ्यांचं पाणी बदलायचा एवढा सोपा मार्ग फक्त एप्रिल ते जूनमध्ये अडतो, कारण तेव्हा पंप कूलरमध्ये असतो आणि तो काढायची हिंमत मास्तरांत नाही.

ह्याहून सोपी तऱ्हा तलावाची. तलावाला कोणी बादली लावत नाही. त्याला तीन गोष्टी असतात. पाणी यायची वाट, भरलं की जास्तीचं आपोआप जायला सलंग आणि हवं तेव्हा सोडायला तुडूम. गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले, मग मालगुजारीच गेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, तिथे 1950 च्या कायद्याने मालगुजाऱ्या रद्द झाल्या. तलाव सरकारचे झाले, आणि 'माजी मालगुजारी' ह्याचा 'मामा' होऊन मामा तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. हौशी लोक आज टाकीच्या वरच्या काठाशी काचेला भोक पाडून घेतात, त्याला पाईप लावून तो बाहेर सोडतात, आणि दुसरीकडून क्लोरीन गेलेलं पाणी थेंबथेंब आत सोडतात. जेवढं आत, तेवढं भोकातून बाहेर. म्हणजे सलंग. थेंबासाठी सलाईनचा सेट लावतात, चाक फिरवून थेंब मोजता येतात. आमच्या गावात हा प्रयोग दवाखान्यात काम करणाऱ्या एका पोराने केला. त्याची टाकी उत्तम चालते, मासोऱ्या तेजतर्रार आहेत, फक्त घरात येणारा प्रत्येक माणूस आधी सलाईनकडे बघून आवाज खाली करतो आणि 'कधीपासून जी?' असं विचारतो.

गावात आणखी एक संप्रदायही आहे. 'आमच्या टाकीचं पाणी वर्षभर बदललं नाही, कमी झालं की वरून टाकतो, बस' असं सांगणारा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, टाकी बोटभर रोज आटते, तेव्हा टाकावंच लागतं. पण वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. नायट्रेट, क्षार, जे काय साठलेलं असतं ते जागच्या जागी राहतं, आणि वरून टाकलेल्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात. विहिरीचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरी रेघ बसते, ती त्याचीच. भर घालणं वेगळं, बदलणं वेगळं. ह्या संप्रदायातले मासे काही महिने जगतात, मालक त्याला आपलं यश समजतो, आणि जेव्हा मरतात तेव्हा सगळे एकदम मरतात.

पाणी न बदलता मासे जगवायचेच असतील तर त्याची एक खरी तऱ्हा आहे, आणि तीही जुनी. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी एका भांड्यात थोडे मासे आणि पाण्यात वाढणारं गवत एकत्र ठेवलं. गवताने माशांची घाण वापरायची आणि प्राणवायू द्यायचा, असा हिशेब. काही दिवसांत गवताची पानं कुजून पाणी हिरवं चिकट झालं. मग त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्या कुजलेलं खात, त्यांची अंडी मासे खात. गाडी रुळावर आली आणि 1850 साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं. थोडे मासे, भरपूर गवत. नऊ मासे आणि प्लास्टिकचा किल्ला असा त्यात कुठे उल्लेख नाही.

ते गवत आमच्या तलावातच उगवतं. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशी पुस्तकी नावं घेतली तर ती परदेशी वाटतात. तलावातलं हे गवत गेलं, गाळ साचला, काठाने बेशरमीची झुडपं माजली, तेव्हा गावठी मासोरीही कमी झाली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोसायट्यांबरोबर काम करून काही तलावांत बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासोरी परत आली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ढिवरांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. मास्तरांनीही मागच्या पावसाळ्यात हिंमत करून, ढिवरांच्या त्या म्हातारीला विचारून, मूठभर गवत आणलं. नीट धुतलं नाही. गवताबरोबर दोन जळवा आल्या. काळा मासा संकट अंगावर घेतो म्हणून मास्तर त्याच्याकडे आशेने पाहत होते, तो किल्ल्यात जाऊन बसला.

सगळ्याच टाक्यांना हे लागू नाही. मुंबईला चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं, तिथला कारभार वेगळा आणि पगारी होता. आपण बोलतोय ते टीव्हीशेजारच्या दोन फुटांबद्दल.

तर ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी एवढं करा. लेव्हल पाईप विकत घ्या. एक बादली पाणी शनिवारी भरून ठेवा. तीन मासोऱ्या कमी आणा, लक्ष्मीचं काय ते बँकेत बघता येतं. दिवसाला चिमूटभरच खायला घाला, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला डबा देऊ नका. साबण मोरीत राहू द्या. आणि ज्याने मासोऱ्या आणल्या, नळी त्याच्याच हातात द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ फोन उचलला नाही तर चालतं.

मास्तर तयार झाले आहेत. फक्त पाईप कोणी आणायचा यावर अजून बोलणी चालू आहेत.